दवाखान्यात हक्कानं बोला, पण कागद हातात ठेवून

प्रश्न : धाकट्या भावाला सिकलसेल आहे. दुखणं उठलं की तो अक्षरशः लोळतो. दवाखान्यात मात्र 'नाटक करतो, सुईची सवय लागलीय' असं ऐकवतात. (धडगाव तालुका)

नाटक नाही. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. म्हणून हाडं-सांधे असह्य ठणकतात. वरून सूज, जखम काही दिसेलच असं नाही. सातपुड्याला हा आजार नवा नाही, म्हणूनच तिथल्या कर्मचाऱ्यानं असं बोलणं जास्त खटकतं.

भाऊ कळवळत असताना भांडण नको. सिकलसेलचं कार्ड आणि सोबत एक कागद न्या : मागच्या वेळी कोणत्या औषधानं आराम पडला, रक्त कधी चढवलं. असा कागद पुढे आला की समोरच्याचा सूर बहुधा उतरतो. ताप, छातीत दुखणं, धाप किंवा हातपाय लुळे पडणं असेल तर थांबू नका, 108 बोलवा. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचं औषध सुरू असेल तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं सोडू नका. कोण काय बोललं ते मात्र नंतर तारखेनिशी लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं बाहेरून आणायला लावतात. आम्ही बोललो की बोलणी आशाताईंना बसतात. (शहादा तालुका)

आशाताई औषधखरेदी करत नाहीत, त्यांना यातून सोडा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. बाहेरच्या औषधाची चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल जपून ठेवा. एकट्याची चिठ्ठी कुरकुर ठरते. पाड्यापाड्यांवरच्या चिठ्ठ्या एकत्र रुग्ण कल्याण समितीपुढे (आरोग्य केंद्राच्या कारभारावर लक्ष ठेवणारी समिती) गेल्या की साठ्याचं रजिस्टर उघडावंच लागतं.

2007 मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख, म्हणजे गावकऱ्यांनीच सेवेवर लक्ष ठेवणं, राज्यातल्या ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नंदुरबार होता. जनसुनवाईत गावकरी उभं राहून बोलायचे, अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागायचं. ती वहिवाट मोडू देऊ नका. ग्रामसभेत विषय लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका.

प्रश्न : बिल थकलं म्हणून खासगी रुग्णालय मृतदेह अडवू शकतं का? (जळगाव)

नाही. थकबाकीची वसुली वेगळ्या मार्गानं करता येते, मृतदेह अडवून नाही. रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणंही खासगी रुग्णालयांच्या नोंदणीच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार बंधनकारक आहे. शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार करा.

प्रश्न : आई फक्त अहिराणी बोलते. 'छातीमा दुखस, जीव घाबरस' म्हणाली, तर 'गॅस आहे' म्हणून गोळी दिली. (साक्री तालुका)

छातीतलं दुखणं ईसीजी न काढता गॅस ठरवू नये. आज परत न्या. रुग्णाला समजेल त्या भाषेत माहिती मिळणं हा तिचा हक्क आहे. तुम्ही सोबत आत जा, पण आईच्या ऐवजी बोलू नका. आधी तिला तिच्या बोलीत सांगू द्या, मग डॉक्टरांना मराठीत समजावून सांगा.