मिशनरी कुटुंब रजेवर येतंय, आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, त्यांना मदत करते. कार्यक्रम कसा ठेवावा? मुलांकडून काय करून घ्यावं?

मुलांकडून काही करून घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की त्यांची दोन्ही मुलं तिकडच्या भाषेत, तिकडच्या पोशाखात एखादं गीत म्हणतील तर लोकांची मनं हलतील आणि दानार्पणही चांगलं येईल. ते वाक्य वाचलं आणि बाकीचा प्रश्न बाजूला राहिला. अशीच एक मुलगी मी होते.

माझे आईवडील मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या कोरकू वस्त्यांवर काम करायचे. पप्पा शिक्षक आणि प्रचारक, आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेली नर्स. आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. मे महिन्यात रजा मिळाली की धारणीहून एसटीने घाट उतरून परतवाडा, पुढे बडनेऱ्याला रेल्वे, मनमाडला गाडी बदलून नगर. नातेवाइकांना वाटायचं, सुटीवर आलेत. सुटी कसली! आजीच्या घरी ट्रंका टेकल्या की पुढच्याच रविवारपासून डेप्युटेशन सुरू. मदत देणाऱ्या प्रत्येक मंडळीत जायचं, पप्पांनी साक्ष द्यायची, म्हणजे कामाचा अनुभव सांगायचा, स्लाइड दाखवायच्या, पैसा कुठे लागला ते सांगायचं, रात्री कुणाच्या तरी घरी मुक्काम करायचा. आईला सगळीकडे स्वयंपाकघरात बसवायचे. जिने कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केली तिला कुणी दोन शब्द बोला म्हटल्याचं मला आठवत नाही. याचा राग मला आजही आहे.

तर एका मोठ्या शहरातली मोठी मंडळी. आमच्या मदतीतला सगळ्यांत मोठा वाटा त्यांचा. शनिवारी संध्याकाळी कमिटीतले एक गृहस्थ मुक्कामाच्या घरी आले. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या तेव्हा पेपरात सारख्या येत होत्या. त्यांचं म्हणणं, कुपोषित बाळाची एक तरी स्लाइड हवी आणि मुलीला त्या बायकांसारखं लुगडं नेसवून पुढे उभी करा, कोरकू गाणं म्हणू दे, लोकांना पाझर फुटेल.

पप्पा म्हणाले, "ते बाळ माझ्या ओळखीचं आहे. त्याच्या आईला मी विचारलेलं नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला म्हणायचंय का?" मी नाही म्हटलं. धारणीत मी फ्रॉक घालायचे. लुगडं माझ्या मैत्रिणीची आई नेसायची, शेतात जाताना, बाजाराला जाताना. ते अंगावर चढवून परक्या लोकांसमोर उभं राहायचं म्हणजे तिची नक्कल करायची, हे मला त्या वयातही कळत होतं. गृहस्थ हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

रविवारी उपासनेत पप्पा काय बोलले? एक हातपंप अख्खा पावसाळा बंद कसा राहिला. दहावीपर्यंत पोचलेला एक मुलगा. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या चालीवर रचलेलं कोरकू भजन. त्याचा अर्थ त्यांनी मराठीत सांगितला आणि खाली बसले. लोक गप्प होते. बाहेर पायऱ्यांवर तेच गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, एकाच्याही डोळ्यात पाणी आलं नाही हो." पुढच्या वर्षी त्या मंडळीची मदत बंद झाली. कारण कुणी लेखी कळवलं नाही.

माझे काका आजही, कुठल्याही लग्नात भेटले की, हा विषय काढतात. चार गोष्टी रंगवून सांगितल्या असत्या तर दादाचं काय बिघडलं असतं? पोरांची फी तरी भरली गेली असती. आणि मग ते आयडा स्कडर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरचं नाव घेतात. तिने अमेरिकेत बायकांची दुःखं सांगूनच वेल्लोरचं हॉस्पिटल उभं केलं ना?

काका, केलं. पण जरा नीट बघा. तमिळनाडूत तिंडिवनमला एका रात्रीत तीन घरचे पुरुष तिच्या दाराशी आले, बायको अडली आहे, पुरुष डॉक्टर चालणार नाही म्हणाले, आणि सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. हे तिच्या दारात घडलं होतं. ऐकून कुणी रडावं म्हणून ती सांगत नव्हती. ती आधी अमेरिकेला जाऊन स्वतः डॉक्टर झाली, १८९९ मध्ये, आणि मग पैसे मागितले. एका बँकरने पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले आणि १९०२ साली हॉस्पिटल उघडलं. तिने कुणाच्या पोराला पोशाख घालून स्टेजवर चढवलं नव्हतं.

आणि नावंच घ्यायची तर ॲडोनिराम जडसन या अमेरिकन मिशनऱ्याचं घ्या. १८१२ मध्ये अमेरिका सोडली, आयुष्य ब्रह्मदेशात काढलं, तुरुंग भोगला. मायदेशी पहिल्यांदा परतले ते १८४५ मध्ये, वाटेत पत्नी वारलेली. घसा इतका गेलेला की ते हळू आवाजात बोलत आणि शेजारी उभा राहून दुसरा कुणी ते मोठ्याने सांगे. मंडळ्यांमध्ये लोक गर्दी करत आणि काही जण हिरमुसून घरी जात, कारण त्यांना थरारक गोष्टी हव्या असत आणि जडसन ख्रिस्ताविषयी बोलत. माझे पप्पा त्या माणसाच्या रांगेतले होते. हट्टी नव्हते.

पैसा रडवूनच निघतो, हेही मला मान्य नाही. मिझोरममध्ये १९१० पासून बायका रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. त्यातून केवढं काम उभं राहिलंय. तिथे रोज चुलीपाशी कोण स्लाइड दाखवायला येतं? आमच्याकडे नेवाशाकडच्या एका खेड्यातल्या मंडळीत हंगामाच्या सणाला आलेल्या कोंबड्या, भोपळे, ज्वारीची कणसं यांचा लिलाव व्हायचा आणि ते पैसे पप्पांच्या कामाला यायचे. तिथल्या बायकांनी आईला एकच विचारलं, पावसाळ्यात तुम्ही औषधं कशी नेता? तेवढ्या एका प्रश्नावर आई खूप वेळ बोलली.

आता तुमच्या कार्यक्रमाचं. ते आल्यावर पहिले दोन रविवार त्यांना बोलावू नका, घरी राहू द्या. प्रवासखर्च आधी पाठवा, 'अर्पण येईल त्यातून बघू' म्हणू नका. बाईंना बोलायला सांगा, त्यांच्या नवऱ्याएवढाच वेळ द्या. 'बिचारे' हा शब्द प्रार्थनेत नको. हिशेब जरूर मागा, पण तो संस्थेकडून, व्यासपीठावर नव्हे.

काही मुलांना गायला खरंच आवडतं, त्यांनी स्वतः म्हटलं तर गाऊ द्या. आणि वाढवून सांगणारे मिशनरीही असतात, मी पाहिलेत, तेव्हा प्रश्न विचारायला लाजू नका. त्या मोठ्या मंडळीविषयी एक सांगायलाच हवं: मदत बंद झाल्यावर तिथल्या एका विधवा बाईंनी स्वतःच्या पेन्शनमधून आम्हाला मनीऑर्डर पाठवायला सुरुवात केली. माझ्या बारावीपर्यंत ती येत होती. फॉर्मवरच्या मजकुराच्या जागेत त्या दर वेळी लिहायच्या, हातपंप चालू आहे का?