इंग्रजी-मराठी द्वैभाषिक कथासंग्रहासाठी परदेशस्थ लेखकांची परवानगी लागते का?

होय, संग्रह नाशिकमध्ये छापून इथल्याच वाचक मंडळात विनामूल्य वाटायचा असला तरी, परदेशात राहून इंग्रजीत लिहिणाऱ्या कथाकारांची लेखी परवानगी लागते आणि तीही दोन गोष्टींसाठी: डावीकडच्या पानावरील मूळ इंग्रजी कथेच्या पुनर्मुद्रणासाठी आणि उजवीकडच्या मराठी अनुवादासाठी. अनुवादांच्या संहिता तपासताना सोबतच्या पत्रांत बहुधा अनुवादाचीच तेवढी परवानगी मागितलेली मला आढळते, आणि घोटाळा तिथेच होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १४ नुसार हे दोन्ही हक्क स्वामित्वहक्कधारकाचे असतात. बर्न करार या स्वामित्वहक्कविषयक आंतरराष्ट्रीय करारातील देशांच्या लेखकांनाही भारतात संरक्षण मिळते. मात्र लेखकाने हे हक्क प्रकाशकाला दिले असतील, तर लेखकाचा ई-मेलवरील आनंदाचा होकार पुरेसा ठरत नाही. अर्ज प्रकाशकाकडेच करावा लागतो.