ते दहा डबे

भांडुपहून एका आईने लिहिले आहे: "माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला दहावीला ७४ टक्के गुण मिळाले. अकरावी वाणिज्यसाठी पहिल्याच फेरीत मुलुंडच्या कॉलेजात जागाही मिळाली होती. पण सासूबाई आणि तिचे वडील यांनी प्रवेश घेऊ दिला नाही. लोकलने एकटीने जायचे, वर खर्च, शेवटी चूलच सांभाळायची आहे, असे ते म्हणतात. गावाकडून एक स्थळही आले आहे. मुलगी नीट जेवत नाही. मी घरगुती डबे करते. परीक्षा संपल्यापासून ती घरी आहे, त्यामुळे बाराचे बावीस झाले, तेवढाच संसाराला हातभार. मी दोन्हीकडून अडकले आहे. घरच्यांना कसे समजावू?"

ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले: बाराचे बावीस झाले. सासूबाई काय म्हणाल्या, यजमान काय म्हणाले, हे सारे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेत आणि हे एवढे मात्र आनंदाची बातमी असावी तसे लिहून पुढे गेलात. एका डब्यात चार पोळ्या धरल्या तरी दहा डब्यांच्या चाळीस पोळ्या होतात. पहाटे उठून त्या कोण लाटते, भाजी कोण चिरते, डबे कोण घासते, हे तुम्ही लिहिलेले नाही, कारण ते लिहायचे झाले तर मुलीचे शिक्षण थांबण्यात तुमचाही वाटा आहे हे कबूल करावे लागले असते. तुम्ही अडकलेल्या नाही. घरातले दोघे तिला उघडपणे अडवत आहेत आणि तुम्ही न बोलता अडवत आहात, एवढाच फरक आहे.

हे कठोर वाटेल, पण पोळीभाजीच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. याच मुंबईत, गिरणगावात, गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि ज्या बायकांना सावकाराशिवाय कोणी दारात उभे करत नव्हते त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. चुलीपुढच्या बाईच्या श्रमाला मोल असते, हे त्या बायकांनी या शहराकडून मान्य करून घेतले. तेच मोल आता तुमच्या मुलीच्या श्रमाला लावा. त्या दहा डब्यांचे पैसे संसाराचे नाहीत, तिचे आहेत, आणि ती ते आपल्या अकरावीच्या बदल्यात कमावते आहे. तिचे जेवण का तुटले, हे मला तरी समजते.

बाकीच्या हरकतींना फार वेळ देण्याची गरज नाही. भांडुप ते मुलुंड यांच्यामध्ये नाहूर हे एकच स्टेशन आहे. खर्चाचे म्हणाल तर राज्यातील अनुदानित संस्थांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. स्थळाविषयी मात्र स्पष्ट बोलावे लागेल. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरात लग्नाची बोलणी पुढे सरकली, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. तो लागायला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक मुलीलाही पाठ असू द्या.

घरच्यांना कसे समजावू, असे तुम्ही विचारले आहे. समजावू नका. उद्या सकाळी डबे पोहोचवताना त्यांतल्या दहा घरांना सांगा की पुढच्या सोमवारपासून तुमचा डबा बंद होईल. आधी हे करा, मगच घरी बोला. तुम्ही कितीही विनवण्या केल्या तरी, जोवर मुलीच्या घरी राहण्याने पैसे येत आहेत, तोवर त्या घरात कोणालाही तिचे कॉलेज परवडणार नाही, तुम्हालासुद्धा नाही. पुढे कधी डबे वाढवावेसे वाटले तर पोळ्या लाटायला बाई ठेवा आणि तिला रोजचे पैसे द्या. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन आहे, पुढची फेरी कोणासाठी थांबत नाही, आणि दिलेल्या मुदतीत प्रवेश निश्चित केला नाही तर ती जागाही पहिल्यासारखीच जाईल. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका आजच कपाटातून काढून मुलीच्या हातात द्या, आणि जागा लागली की त्याच दिवशी तिच्याबरोबर स्वतः जा.

सासूबाई विचारतील की एवढ्या पोळ्या आता कोण करणार. त्यांना सांगा, मी करीन, बाराच डबे आहेत.