भ्रूणविकासाच्या क्षेत्रात गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची यादी कशी वाचावी?

पीएचडीसाठी गाइड निवडायचा आहे, तर त्यांच्या पेपरांच्या यादीत नेमकं काय बघायचं, एच-इंडेक्स (पेपरांची संख्या आणि त्यांचा इतरांनी केलेला उल्लेख यांवरून काढलेला आकडा) बघून भागेल का, असं तुम्ही विचारलं आहे. माझ्या मते भागणार नाही. पेशी आणि भ्रूणविकासाच्या कामात एकेक प्रयोग बसायलाच वर्षं जातात. एका पेपरातून पुढचा पेपर कसा निघाला, हे बघा. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांची यादी वाचायला सांगतो.

गर्डन १९५६ साली ऑक्सफर्डमध्ये मिखाईल फिशबर्ग यांच्या हाताखाली पीएचडी करू लागले. त्याआधी १९५२ मध्ये अमेरिकेत ब्रिग्ज आणि किंग यांनी बेडकाच्या अंड्यातलं केंद्रक (पेशीतला जनुकं असलेला भाग) काढून त्या जागी भ्रूणाच्या पेशीचं केंद्रक घातलं होतं आणि त्यातून टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, वाढवले होते. मात्र केंद्रक जितक्या मोठ्या भ्रूणातून घ्यावं, तितकं यश कमी. पेशी एकदा ठरावीक कामाला लागली की तिच्या केंद्रकाची बाकीची क्षमता कायमची जाते, असाच अर्थ त्यातून निघत होता. गर्डन यांनी झेनोपस या आफ्रिकी बेडकावर काम केलं आणि उत्तर वेगळं आलं. १९६२ च्या पेपरात त्यांनी टॅडपोलच्या आतड्याच्या पेशींमधली ७२६ केंद्रकं अंड्यांत घातली. त्यातून १० निकोप टॅडपोल वाढले. दीड टक्काही नाही! पण आतड्याच्या केंद्रकात अख्खा प्राणी घडवण्याची माहिती शाबूत असते, हे दाखवायला तेवढे पुरेसे होते.

हे टॅडपोल अंड्याच्या स्वतःच्याच, चुकून उरलेल्या केंद्रकातून वाढले नाहीत कशावरून? मला या कामातला सगळ्यात सुंदर भाग इथे दिसतो. फिशबर्ग यांच्या प्रयोगशाळेत एक वेगळा बेडूक सापडला होता. नेहमीच्या पेशीत दोन केंद्रिका (केंद्रकाच्या आत दिसणारे गडद ठिपके) असतात, त्याच्या पेशीत एकच होती. केंद्रक अशा बेडकांच्या वंशातलं घ्यायचं आणि अंडं साध्या बेडकाचं. वाढलेल्या टॅडपोलच्या पेशींत एकच केंद्रिका दिसली, की केंद्रक बाहेरून घातलेलंच आहे याची खात्री. आणि काम तिथे थांबलं नाही. याच उत्परिवर्तनाच्या, अजिबात केंद्रिका नसलेल्या भ्रूणांवर डोनाल्ड ब्राउन आणि गर्डन यांनी १९६४ मध्ये दाखवलं की त्यांच्यात रायबोसोमचा (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा) आरएनए तयारच होत नाही. खूण म्हणून वापरलेल्या प्राण्यातून केंद्रिकेचं काम काय, याचं उत्तर हाती आलं. यादी वाचताना असे दुवे शोधा.

दुसरं, आक्षेपांना दिलेलं उत्तर. आतड्यात काही अविकसित पेशी असतील आणि यश त्यांचंच असेल, अशी शंका लोकांनी घेतली. शंका रास्त होती. १९७५ मध्ये गर्डन, लास्की आणि रीव्ह्ज यांनी प्रौढ बेडकाच्या, केराटिन (त्वचा टणक करणारं प्रथिन) तयार झालेल्या, म्हणजे पूर्ण विकसित त्वचापेशींची केंद्रकं वापरून पुन्हा टॅडपोल मिळवले. ते पुढे प्रौढ झाले नाहीत. ही मर्यादा लपवलेली नाही, म्हणून माझा त्या कामावर जास्त विश्वास बसतो.

अंड्यात सुई घालण्याचं तेच कसब १९७१ मध्ये वेगळ्या प्रश्नाला उपयोगी पडलं. सशाच्या हिमोग्लोबिनचा संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्याची सूचना नेणारा रेणू) बेडकाच्या अंडपेशीत सोडला, आणि तिने सशाचं ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनमधलं प्रथिन, बनवलं. पुढे कित्येक प्रयोगशाळांनी ही पद्धत उचलली. गर्डन यांना नोबेल मिळालं २०१२ मध्ये, जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्यासोबत, म्हणजे १९६२ च्या पेपरानंतर पन्नास वर्षांनी. १९६५ साली कुणी नुसते उद्धरणांचे (इतर पेपरांतल्या उल्लेखांचे) आकडे मोजत बसलं असतं, तर त्याला यातलं काय दिसलं असतं?

आता लेखकांची नावं. आपल्या क्षेत्रात साधारणपणे पहिलं नाव प्रयोग करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळाप्रमुखाचं असतं. १९६२ च्या पेपरावर गर्डन यांचं एकट्याचं नाव आहे, गाइडचं नाही. इतकी मोकळीक आज क्वचितच मिळते, पण विद्यार्थ्यांची नावं पहिल्या जागी येतात का आणि ते विद्यार्थी पुढे स्वतःचं काम उभं करतात का, हे नक्की तपासा. पेपरांतल्या चित्रांमध्ये दुरुस्त्या छापाव्या लागल्या असतील तर त्याही वाचा. पेशीजीवशास्त्रात सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र हाच पुरावा असतो.

मग त्यांचा एक जुना आणि एक ताजा पेपर पूर्ण वाचून भेटायला जा. त्यांच्या निष्कर्षावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप कोणता, हे त्यांनाच विचारा आणि ते किती वेळ, किती मनापासून बोलतात ते ऐका.