झाडाखाली फळांचा सडा आणि घरात रिकाम्या बरण्या

या महिन्यात जॅम-मुरांब्याचे प्रश्न इतके आलेत की बाकी सगळं पुढच्या अंकात ढकललंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण जे प्रश्न बऱ्याच घरांतले वाटले ते घेतलेत.

ताई, परड्यात रायवळ आंब्याची दोन झाडं आहेत, पाऊस तोंडावर आला की रोज टोपलीभर आंबे पडतात. पोरं खाऊन कंटाळली आणि शेजारी घेत नाहीत कारण त्यांच्याकडेही तेच. मागच्या वर्षी जॅम केला, घरात सासऱ्यांना शुगर आहे म्हणून साखर निम्मीच घातली, तर महिन्याभरात वर पांढरी बुरशी. वरचा थर काढून बाकीचा खाल्ला तर चालतो का? (चिपळूण)

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, नाही चालत. बुरशी वर दिसते पण तिचे धागे मऊ पदार्थात खालपर्यंत जातात आणि काही बुरश्या विष तयार करतात, ते चमच्याने काढून जात नाही आणि पुन्हा गरम करूनही जात नाही. अख्खी बरणी टाका, कितीही जीव तुटला तरी.

आता साखरेचं. जॅममधली साखर गोडीसाठी असते तशीच पाणी धरून ठेवायलाही असते. ती पाणी बांधून ठेवते म्हणून बुरशीला प्यायला काही उरत नाही. त्यासाठी तयार जॅममध्ये फळाची आणि वरून घातलेली धरून साधारण ६५ टक्के साखर लागते, बाजारच्या जॅमलासुद्धा नियमाने तेवढीच लागते. हिशोब करून बघा, १ किलो पिकल्या आंब्याच्या रसात स्वतःची साखर असते अंदाजे १५० ग्रॅम, वरून ७५० घातली की ९०० झाली, म्हणजे सगळं आटून १४०० ग्रॅमच्या आसपास आलं की काम झालं. तुम्ही समजा ३७५ घातली असेल तर तेच मिश्रण ८०० ग्रॅमपर्यंत आटवावं लागलं असतं, आणि तोवर रंग काळपट आणि आंब्याचा वास गेलेला. तुम्ही नेहमीसारखं दाट झाल्यावर उतरवलं असणार, म्हणून टिकलं नाही.

त्यामुळे माझी पद्धत सांगते, रिकामं पातेलं आधी वजनकाट्यावर ठेवून त्याचं वजन भिंतीवर खडूने लिहून ठेवायचं, मग मधेमधे पातेल्यासकट वजन करायचं. थर्मामीटर नसला तरी काही अडत नाही.

आणि पिकल्या आंब्यात आंबटपणा कमी असतो, जॅम धरायला जे पेक्टिन लागतं तेही पिकताना कमी झालेलं असतं. तेव्हा किलोभर रसाला एक मध्यम कैरी किसून घाला, त्याच झाडाची उशिराची मिळाली तर फारच छान, कैरीत दोन्ही गोष्टी भरपूर असतात. वर एका लिंबाचा रस. पातेलं स्टीलचं किंवा चांगली कल्हई केलेलं पितळेचं घ्या, लोखंडी कढईत आंबट काळं पडतं आणि ॲल्युमिनियमला चव लागते.

सासऱ्यांसाठी मात्र कमी साखरेचा जॅम करून बाहेर ठेवायच्या फंदात पडू नका. गूळ घातला म्हणून शुगरला फरक पडत नाही हेही सांगून टाकते कारण हा गैरसमज फार आहे. त्यांच्यासाठी रस काहीच न घालता छोट्या डब्यांतून फ्रीजरला टाका आणि किती खायचा ते डॉक्टरांना विचारा. जिथे साखर कमी, तिथे फ्रीज किंवा फ्रीजर हवाच.

आमच्याकडे सीझनच्या शेवटी स्ट्रॉबेरी मऊ पडते, भाव येत नाही म्हणून घरीच जॅम करते. नुसत्या डोळ्यांनी केला की पातळ राहतो. यावर्षी थर्मामीटर आणला, सगळीकडे लिहिलेलं असतं तसं १०५ डिग्रीपर्यंत नेला तर गार झाल्यावर चॉकलेटसारखा चिवट, चमचा वाकला! (पाचगणी)

तुमचं काहीच चुकलं नाही, तुमचं गाव उंचावर आहे. ते १०५ समुद्रकाठच्या घरासाठी आहे, जिथे पाणी १०० ला उकळतं. पाचगणी सुमारे १३०० मीटरवर, तिथे पाणी ९५-९६ लाच उकळतं, त्यामुळे तुमचा जॅम १०० च्या आसपासच तयार असतो आणि १०५ पर्यंत नेलात की त्यात पाणी फारसं उरतच नाही. सोपा नियम, आधी त्याच थर्मामीटरने नुसत्या उकळत्या पाण्याचा आकडा बघायचा आणि त्याच्या साडेचार-पाच डिग्री वर थांबायचं. थर्मामीटर थोडा खोटा असला तरी यात ती चूक आपोआप जाते.

तरी मी बशी सोडत नाही. जॅम चढवतानाच दोन बश्या फ्रीजरला टाका, झालासा वाटला की गॅस बंद करून थेंब टाका, मिनिटभराने बोटाने सरकवा, वर सुरकुती आली की झाला. गॅस बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर आपण बशीकडे बघतोय तोवर पातेल्यातला पुढे जातो.

पातळ राहण्याचं कारण वेगळं, स्ट्रॉबेरीत पेक्टिन मुळातच कमी आणि मऊ पडलेल्या फळात तर आणखी कमी. म्हणून सगळी मऊ फळं घेऊ नका, पाव हिस्सा तरी टणक, बुडाशी पांढरट असलेली घाला. १ किलोला ७०० ते ७५० ग्रॅम साखर, रात्रभर साखरेत मुरवून फ्रीजमध्ये, सकाळी पसरट पातेल्यात मोठ्या आचेवर, उकळी फुटली की दोन लिंबांचा रस. एका वेळी किलो-दीड किलोच करा, पाच किलो एकदम घातलंत की तासभर शिजत राहतं आणि लाल रंगाचा विटकरी होतो. बाहेरचं पेक्टिन आणायची गरज नाही, दोन-तीन अर्धवट पिकलेले पेरू चिरून बुडतील इतक्याच पाण्यात वीसेक मिनिटं उकळा, पिळू नका, नुसतं पंच्यातून गळू द्या, ते वाटीभर पाणी किलोभर स्ट्रॉबेरीला पुरतं. पेरूचा वास कळतसुद्धा नाही.

पेरूवरून आठवलं म्हणून हाही प्रश्न घेते. दारातल्या झाडाला इतके पेरू लागलेत की पोपट पण दमलेत, बियांमुळे जॅम नकोसा वाटतो. (पुणे, सहकारनगर)

मग जॅम करूच नका, पेराद करा. गोव्यात नाताळच्या फराळात असते ती पेरूची वडी. पेरू शिजवून गर चाळणीतून घासून घ्या म्हणजे बियांचा प्रश्न मिटला, गराच्या पाऊणपट ते बरोबरीने साखर, लिंबू, शेवटी चमचाभर तूप किंवा बटर, आणि कडा सोडेपर्यंत हलवत राहायचं. हात लांब ठेवा, फार उडतं. तूप लावलेल्या ताटात थापून दुसऱ्या दिवशी वड्या पाडा. पेरूसारखं धरणारं फळ आपल्याकडे क्वचितच आहे, त्याचा नुसता पातळ जॅम करणं म्हणजे मला वायाच घालवल्यासारखं वाटतं.

सीताफळाचा जॅम कडू का होतो? (सासवड)

तापवल्यामुळे. सीताफळाचा गर आचेवर गेला की कडवट होतो, त्याला साखरेचा उपाय नाही. बिया काढून गरावर थोडं लिंबू आणि साखर घालून फ्रीजरला टाका, बासुंदी आणि आईस्क्रीमला वर्षभर वापरा, बासुंदीत घालताना ती पूर्ण गार झाल्यावरच घाला. तुमच्या भागात जॅमसाठी अंजीर आहे ना, ते सुंदर होतं. फक्त त्याला आंबटपणा जवळजवळ नाही, किलोला दोन-तीन लिंबं घातल्याशिवाय करू नका, चवीसाठीही आणि टिकण्यासाठीही. चिकू आणि केळ्याबद्दल विचारणाऱ्यांनाही हेच, आंबट नसलेली फळं नुसती साखर घालून बरणीत भरून महिनोनमहिने बाहेर ठेवायची नाहीत. चिकू तर काप करून वाळवलेलाच उत्तम, डहाणू-घोलवडकडे करतात तसा.

आईच्या पद्धतीने साखरांबा केला, पहिले पंधरा दिवस मस्त, मग बरणीत साखरेचे खडे. फेकायचा का? (डोंबिवली)

अजिबात नाही! पाक पुढे गेला किंवा कैरी कमी आंबट निघाली की असं होतं. आंबटपणामुळे उकळताना थोडी साखर फुटते आणि ती फुटलेली साखर बाकीचीला खडे धरू देत नाही, तोतापुरीसारख्या कैरीत तेवढी आंबटाई नसते. बरणीतलं सगळं पातेल्यात काढा, तीन-चार चमचे पाणी आणि एका लिंबाचा रस घालून मंद आचेवर खडे विरघळेपर्यंतच ठेवा, पुन्हा आटवत बसू नका. पातेल्याच्या कडेला चिकटलेली साखर ओल्या कापडाने पुसून घ्या, एक खडा जरी राहिला तरी त्याच्याभोवती पुन्हा धरतं. पुढच्या वेळी एकतारीच्या जरा पुढे गेला की उतरवा, गार होताना तो अजून घट्ट होतोच.

आणि बरणी. धुऊन पुसून नाही, दहा मिनिटं पाण्यात उकळून, बरणी गरम असतानाच गरम साखरांबा गळ्यापर्यंत भरून लगेच झाकण. गार बरणीत उकळतं ओतलंत तर काच तडकते. दर वेळी कोरडा चमचा, आणि मोठ्या एका बरणीपेक्षा पाव किलोच्या चार भरा, एक उघडली तरी बाकीच्या तीन बंदच राहतात.