‘मायर’ या जर्मन आडनावाचा अर्थ काय? आणि स्पेलिंगं इतकी का?

मायर म्हणजे मूळचा जहागिरीवरचा कारभारी. शब्द आला लॅटिन ‘माइओर’वरून, म्हणजे ‘मोठा’, ‘वरचा’. मध्ययुगात सरदाराच्या किंवा मठाच्या जमिनीवर कुळांकडून धान्य-वसुली करणारा, कामावर लक्ष ठेवणारा तो मायर. पुढे मोठी शेती खंडाने कसणाऱ्यालाही हेच म्हणू लागले आणि हुद्द्याचं आडनाव झालं. इतपत माहिती जर्मन आडनावांच्या कोणत्याही बऱ्या कोशात मिळते.

स्पेलिंगचा घोळ मात्र मजेशीर आहे. उच्चार एकच, पण उत्तरेत, लोअर सॅक्सनीकडे, बहुतेक एम-ई-वाय-ई-आर. दक्षिणेत एम-ए-आय-ई-आर किंवा एम-ए-वाय-ई-आर. बव्हेरिया-ऑस्ट्रियात तर शेवटचा ‘ई’ही गाळून एम-ए-वाय-आर. पाद्री किंवा कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. 1876 पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि ज्याचं जे स्पेलिंग वहीत चढलं तेच कायम झालं. गावात मायर फार झाले की ओळखीसाठी पुढे काहीतरी जोडायचे: ओबरमायर म्हणजे वरच्या वाडीचा, नीडरमायर खालच्या.

एक लक्षात ठेवा: ज्यू घराण्यांतलं मायर बऱ्याचदा ‘मेइर’ (प्रकाश देणारा) या हिब्रू नावावरून आलेलं असतं, त्याचा कारभाऱ्याशी संबंध नाही. त्यामुळे नुसत्या आडनावावरून दोन मायर नातेवाईक ठरवू नका.