सतरा इंचाचा नाद सोड

प्रिय बाबू,

तू पाठवलेले सतरा इंची अलॉयचे (मिश्रधातूच्या रिमचे) फोटो पाहिले. देखणे आहेत, त्यात वाद नाही. पण तुझ्या फोक्सवॅगन पोलोला पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या धावेत वेळ कमी करायची असेल, तर ते घेऊ नकोस. नागपूरच्या सदर भागातल्या दुकानात ॲडव्हान्स देण्याआधी एवढं वाचून घे.

तू रिमपासून, म्हणजे चाकाच्या धातूच्या भागापासून, सुरुवात करून राहिलास. सुरुवात टायरपासून करायची, आणि त्याच्याही आधी गाडी कोणती चाकं फिरवते हे बघायचं. अमेरिकेतले ड्रॅगचे (सरळ रेषेतल्या शर्यतीचे) व्हिडिओ पाहून आपली पोरं मागे रुंद आणि पुढे बारीक टायर लावायला निघतात. त्या गाड्या बहुतेक मागच्या चाकांवर पळतात. गाडी जोरात सुटली की भार मागे जातो, मागचे टायर रस्त्यावर आणखी दाबले जातात आणि त्यांना ग्रिप, म्हणजे पकड, मिळते. तुझी पोलो जीटी टीएसआय पुढची चाकं फिरवते. तिथे उलटंच होतं. ज्या टायरला ग्रिप हवी, नेमका त्याच्यावरचाच भार उतरतो. म्हणून मऊ कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) चांगला जोड पुढे लावायचा. मागचे टायर मूळ मापाचे राहू दे, त्यात हवा थोडी जास्त ठेव, पण साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. ही मांडणी फक्त धावपट्टीवर. रस्त्यावर, त्यातही पावसात, पुढे भरपूर ग्रिप आणि मागे कमी असली तर वळणावर गाडीचा मागचा भाग सुटतो आणि सावरायला वेळ मिळत नाही.

आता माप. तुझ्या गाडीवर १८५/६० आर १५ आहे, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १५ इंची. बाहेरचा व्यास साधारण ६०३ मिलिमीटर. तू म्हणतोस ते २०५/४० आर १७ घेतलं तर व्यास ५९६ च्या आसपास येतो. १९५/५५ आर १५ घेतलं तरी तो तेवढाच. रस्त्यावरची उंची सारखी, मग फरक कुठे? साइडवॉलमध्ये. पंधराच्या टायरची साइडवॉल १०७ मिलिमीटर, सतराच्याची ८२. गाडी सुटताना हीच साइडवॉल थोडी दबते, पिळली जाते आणि झटका स्वतःवर घेते, म्हणून रबर रस्त्याला चिकटून राहतं. ती आखूड आणि कडक असली की चाक लवकर घसरतं, कधी उड्या मारतं. वर सतराच्या रिमची धातूची कडा केंद्रापासून जास्त लांब असते. ते वजन नुसतं पुढे ढकलायचं नसतं, फिरवायचंही असतं, आणि ते फिरवायला लागणारी ताकद तू रीमॅपवर (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलण्यावर) पैसे देऊन मिळवली आहेस. दुकानात वजनकाटा मागव, रिम त्यावर ठेवायला सांग. जो दुकानदार नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नकोस.

तर पंधराचाच रिम घे, साडेसहा इंच रुंद. १९५/५५ ला तो बरोबर बसतो. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५ बाय १००, सेंटर बोअर (मधलं भोक) ५७.१ मिलिमीटर, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) मूळच्या जवळ. बोअर मोठा असेल तर ती फट भरणारी हब रिंग टाकून घे. बोल्टकडे मात्र नीट बघ. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोल असते, बाहेरच्या बऱ्याच अलॉयची शंकूसारखी. गोल बोल्ट शंकूच्या भोकात घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण खरा बसलेला नसतो, आणि चाक सैल होतं. रिमसोबत त्याला जुळणारे, योग्य लांबीचे बोल्ट मागून घे. नवीन रिम आधी गाडीला लावून ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना ते हाताने फिरवून पाहा, टायर त्यानंतर चढव. वेल्डिंग केलेला रिम कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आपल्या सिमेंट रोडच्या कडांनी आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी तडकलेले असे रिम रंगवून विकायला येतात.

टायरच्या बाबतीत तुझी निराशा होणार आहे. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आहे, त्यामुळे व्हिडिओतले ड्रॅग रेडियल (ड्रॅग शर्यतीसाठीचे चिकट टायर) इथे सहज मिळत नाहीत. जे मिळतं त्यातला आयएसआय शिक्क्याचा, मऊ कंपाउंडचा परफॉर्मन्स टायर घे. ट्रेडवेअरचा (टायर किती टिकतो ते सांगणारा, साइडवॉलवरचा) आकडा जितका कमी तितकं रबर साधारण मऊ, पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायलाच तो वापर. साइडवॉलवर चार आकड्यांचा तारखेचा शिक्का असतो. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. नागपूरच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात दोन-तीन उन्हाळे काढलेलं रबर दिसायला नवं असलं तरी कडक झालेलं असतं. नखाने दाबून बघ.

शर्यतीतल्या कुणाकडून वापरलेले स्लिक (शर्यतीचे गुळगुळीत टायर) मिळाले तर ते डिकीत घालून ने आणि तिथेच चढव. त्यांना खाचा नसतात, ओल्या रस्त्यावर ते पाणी बाजूला सारू शकत नाहीत आणि रस्त्यावर चालवायला बेकायदा आहेत. समृद्धी महामार्गावर तर मुळीच नको. ताशी १२० चा वेग, तासन्‌तास तापलेलं सिमेंट आणि मऊ किंवा कमी हवेचा टायर हा जिवाशी खेळ आहे. जाताना-येताना चारही रोजचेच टायर, हवा पूर्ण.

हवेचं बघ. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय (दाबाचं एकक) वाढतो. पहाटे घरी मोजलेला आकडा दुपारी धावपट्टीवर खरा राहत नाही. तिथेच गेज लाव. रोजच्या टायरवर पळत असशील तर पुढे तेहतीसपासून सुरू कर, दर धावेला दोन-दोन कमी कर, पण चोविसाच्या खाली जाऊ नकोस. रस्त्यावर उमटलेला काळा पट्टा सांगतो: दोन्ही कडा जास्त काळ्या तर हवा कमी, मधला भाग काळा तर जास्त. बर्नआउटची (गाडी जागेवर ठेवून चाक फिरवत टायर तापवायची) हौस रोजच्या टायरवर नको. धूळ जाण्यापुरतं चाक फिरव आणि थांब, जास्त तापलं की रबर तेलकट होतं. खाचा असलेल्या टायरने सुटायच्या जागेआधी बर्नआउटसाठी केलेल्या पाण्याच्या डबक्यातून जाऊ नकोस, पाणी खाचांत अडकून सुटायच्या जागेपर्यंत येतं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. ग्रिप वाढली की झटका गिअरबॉक्सवर येतो. तुझ्या सात गिअरच्या डीएसजीचे (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे) क्लच कोरडे आहेत आणि तो २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी (फिरवणाऱ्या जोरासाठी) बनवलेला आहे. कारखान्यातून इंजिन १७५ देत होतं, रीमॅपने तू ते किती वाढवलंस ते मला आधी कळव. आकडा त्या हद्दीजवळ असेल तर टायर आणखी चिकट करण्यात अर्थ नाही. घसरणारा टायर तेव्हा तुझा गिअरबॉक्स वाचवत असतो.

आणि वर्धा रोडवर किंवा आउटर रिंग रोडवर रात्री ‘नुसतं बघू’ म्हणून पळवायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तो गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट, तिथे समोरून कामावरून परतणारा सायकलवाला येतो. एफएमएससीआयची (देशातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाची) मान्यता असलेल्या स्पर्धेतच नाव दे. तिथे ॲम्ब्युलन्स असते, हेल्मेट सक्तीचं असतं, आणि खरी वेळ कागदावर मिळते. त्या कागदावर पहिल्या साठ फुटांची वेळ आधी बघ, टायर बरोबर निवडला की नाही ते तिथे कळतं.

रिम लावलेस की बोल्ट १२० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळून घे आणि पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा तपास. टायर घेण्याआधी साइडवॉलचा फोटो पाठव, तारीख दिसली पाहिजे.

तुझा,
काका